रेसचे इंजिन ढिले का बांधतात?

कोल्हापूर शहरातून कळंबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. फिटर, टर्नर, मोटार मेकॅनिक असे व्यवसाय शिकणारी मुले तिथून बाहेर पडली की त्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. "बोअर मारून आणला, पण एक थाऊ घट्टच ठेवला." "मग गाडी जाम होणार बघ तुझी!" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिलिमीटर. तुमच्या डोक्यावरचा एक केस दोन ते चार थाऊ जाडीचा असतो. म्हणजे ही मुले भांडत असतात ती केसाच्या जाडीच्याही अर्ध्या-पाव मापावरून.

आणि भांडण्यासारखे त्यात खरोखरच काही असते. मोटारसायकल ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, तर इंजिन क्षणात थांबते, साखळीने जोडलेले मागचे चाकही जागच्या जागी अडकते आणि गाडी घसरत जाते. ज्याचा हात क्लचवर वेळेवर जातो तो वाचतो. केसभर फटीची ही किंमत आहे.

आता गंमत अशी की शर्यतीसाठी इंजिन बांधणारा मिस्त्री ही फट कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीपेक्षा कमी नव्हे, तर बहुधा जास्त ठेवतो. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. शर्यतीत जास्त शक्ती हवी, शक्ती हवी तर वायू गळता कामा नये, आणि वायू गळू नये म्हणून पिस्टन अगदी घट्ट हवा, असा आपला साधा विचार. या विचारात चूक कुठे आहे ते आज पाहू. त्यासाठी नववी-दहावीच्या पुस्तकातला एकच नियम पुरेसा आहे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हा.

दोन धातूंचा संसार

सिलिंडर म्हणजे आतून गुळगुळीत केलेली नळी, आणि पिस्टन (पाठ्यपुस्तकातला दट्ट्या) म्हणजे तिच्यात वरखाली धावणारा, एका बाजूने बंद असा डबा. जुन्या ३५० सीसी बुलेटचे उदाहरण घेऊ. कोल्हापुरात ती आजही पुष्कळांच्या दारात उभी दिसते. तिच्या सिलिंडरचा आतला व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा.

दोन्ही एकाच धातूचे का नाहीत? इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर पिस्टन मिनिटाला १०,००० वेळा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. वरच्या टोकाला त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दीड हजार पट होते. तीनशे ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी साडेचारशे किलो वजनाच्या वस्तूसारखा कनेक्टिंग रॉडला ओढतो. म्हणून पिस्टन हलका हवा. बिडाची घनता पाण्याच्या सातपटीहून जास्त, ॲल्युमिनियमची पावणेतीनपटीच्या आत. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता कितीतरी लवकर वाहून नेते, त्यामुळे पिस्टनचा माथा त्यामानाने थंड राहतो.

हे शहाणपण मोटारींना सुरुवातीपासून नव्हते. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली हा इंग्रज तरुण फ्रान्समधल्या डीएफपी मोटारींच्या कारखान्यात गेला असता त्याला टेबलावर पिस्टनच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा पेपरवेट दिसला. असेच पिस्टन खरोखर का करू नयेत, असे त्याच्या मनात आले. ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन त्याने करवून घेतले आणि त्या मोटारींनी वेगाचे विक्रम केले. पहिल्या महायुद्धात असे पिस्टन विमानांच्या इंजिनांत गेले.

आता कोल्हापूर जिल्ह्यात हे दोन्ही धातू मुबलक ओतले जातात. इथल्या फाउंड्र्यांमधून बिडाचे सिलिंडर ब्लॉक आणि हेड बाहेर पडतात, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मेनन पिस्टन्स या कारखान्यात ॲल्युमिनियमचे पिस्टन तयार होतात. पण एका जिल्ह्यात जन्मले तरी दोघांचा स्वभाव सारखा नाही. एक मीटर लांबीचा बिडाचा गज एक अंश सेल्सिअसने तापवला तर तो सुमारे ११ मायक्रॉनने वाढतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पिस्टनच्या नेहमीच्या मिश्रधातूचा तेवढाच गज सुमारे २० मायक्रॉनने वाढतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय पिस्टन आगीच्या थेट तोंडाशी असतो आणि सिलिंडरला बाहेरून वारा लागत असतो. जो अधिक फुगणारा, तोच अधिक तापणारा!

इथे एक शंका हमखास विचारली जाते. सिलिंडर तापला की त्याचा धातू आतल्या बाजूलाही फुगेल, मग भोक लहान नाही का होणार? नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना उत्तर ठाऊक आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, शेणी रचून त्यांच्या विस्तवात लाल तापवतात, आणि मग ती चाकावर सहज बसते. पाणी ओतले की आवळते. कडे तापले की त्याच्या आतली पोकळीही मोठी होते, जणू ती पोकळी त्याच धातूने भरलेली असावी तशी.

हिशेब करून पाहू

नियम असा: वाढ = मूळ माप × प्रसरणांक × तापमानातील वाढ. खोलीचे तापमान ३० अंश धरू. इंजिन नेहमीच्या रस्त्यावर चांगले तापले तेव्हा बिडाचा सिलिंडर १४० अंशांवर आणि पिस्टनच्या खालच्या भागाची भिंत, जिला मिस्त्री स्कर्ट म्हणतात, ती १५० अंशांवर आहे असे माना.

सिलिंडरचा व्यास वाढला: ७० × ०.००००११ × ११० = ०.०८५ मिलिमीटर. स्कर्टचा व्यास वाढला: ७० × ०.००००२० × १२० = ०.१६८ मिलिमीटर. म्हणजे थंड असताना जेवढी फट होती तीतून ०.०८३ मिलिमीटर पिस्टनने खाऊन टाकली. यावर दोन्ही बाजूंना मिळून तेलाच्या थरासाठी ०.०२ मिलिमीटर तरी हवेत. बेरीज झाली साधारण ०.१० मिलिमीटर, म्हणजे चार थाऊ. ही सारी व्यासातली फट आहे बरे का! पिस्टन मधोमध असेल तर प्रत्येक बाजूला याच्या निम्मी.

आता हेच इंजिन शर्यतीसाठी बांधायचे आहे. दाब वाढवला, फेरे वाढवले, आणि पिस्टनही बदलला. साधा पिस्टन साच्यात ओतलेला असतो आणि त्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. सिलिकॉनमुळे प्रसरण कमी होते, पण धातू ठिसूळ होतो. शर्यतीच्या माराला तो तडकण्याची भीती असते. म्हणून पुष्कळ शर्यतवाले घडीव म्हणजे फोर्ज्ड पिस्टन घालतात. त्यातल्या एका प्रसिद्ध मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतेच. तो चिवट असतो, पण त्याचा गज अंशाला २२ मायक्रॉनच्या आसपास वाढतो. शिवाय आता उष्णताही जास्त. स्कर्ट १७० अंश आणि सिलिंडर १५० अंश धरू.

सिलिंडरची वाढ: ७० × ०.००००११ × १२० = ०.०९२. पिस्टनची वाढ: ७० × ०.००००२२ × १४० = ०.२१६. फरक ०.१२४ मिलिमीटर.

साध्या इंजिनासाठी ठरवलेली ०.१० ची फट इथे ठेवली असती तर? ०.१० वजा ०.१२४, म्हणजे उणे ०.०२४ मिलिमीटर. फट उणे असणे याचा अर्थ पिस्टन आपल्या भोकापेक्षा मोठा झाला. कागदावर उणे चिन्ह काढायला काही लागत नाही. सिलिंडरमध्ये ते निघते तेव्हा ॲल्युमिनियम बिडाला चिकटते. म्हणून शर्यतीच्या इंजिनाला थंड असताना ०.१५ मिलिमीटर, सहा थाऊ, फट द्यावी लागते. मिस्त्री जेव्हा "ढिले बांधले" म्हणतो तेव्हा ते टेबलावर ढिले असते. शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला ते साध्या इंजिनाइतकेच घट्ट झालेले असते.

मी धरलेली तापमाने समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष बांधणी करताना पिस्टन ज्या खोक्यात येतो त्या खोक्यातल्या कागदावरचा आकडा प्रमाण मानावा. तो कारखान्याने तोच पिस्टन, तीच मिश्रधातू तपासून काढलेला असतो.

मग सगळीच इंजिने सहा थाऊ ढिली का बांधू नयेत, सुरक्षित तरी राहतील? तोच घडीव पिस्टन घेऊन रंकाळ्यापासून कळंब्यापर्यंत सावकाश गाडी चालवा. स्कर्ट १२० अंश आणि सिलिंडर ११० अंश एवढेच तापले, तर हिशेबाने ०.०७७ मिलिमीटर फट भरते आणि ०.०७३ शिल्लक राहते. तेलाला हवी होती त्याच्या तिप्पट-चौपट. कनेक्टिंग रॉड तिरपा असल्यामुळे पिस्टन नेहमी एका भिंतीवर रेलतो, आणि वरच्या टोकाला रॉडचा कल बदलला की दुसऱ्या भिंतीवर आपटतो. टकटक असा आवाज येतो. पिस्टन डोलतो, त्याबरोबर रिंगा डोलतात, तेल वर चढून जळते, स्कर्ट झिजतो. शर्यतीचे इंजिन थोड्या थोड्या शर्यतींनंतर उघडून पुन्हा बांधतात, त्यामुळे त्याला हे चालते. ज्याला गाडीवरून रोज कामाला जायचे आहे त्याला चालत नाही. आपली रोजची गाडी हौसेने "रेसिंग सेटिंग"वर बांधून घेणाऱ्यांची मला म्हणूनच मौज वाटते.

वायू कोण अडवतो?

सुरुवातीची शंका राहिली. एवढी फट ठेवली तर वायू गळणार नाही का? ०.१० मिलिमीटर फटीचे कडे उलगडून क्षेत्रफळ काढले तर सुमारे ११ चौरस मिलिमीटर येते, म्हणजे पावणेचार मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढे. एवढे भोक उघडे राहिले तर इंजिन चालूच होणार नाही. पण वायू अडवण्याचे काम पिस्टनचे नाहीच. ते रिंगांचे. रिंग कापलेली आणि स्प्रिंगसारखी असते. ती पसरून भिंतीला टेकते, आणि जळत्या वायूचा दाबच तिला मागून भिंतीवर आणखी रेटतो. पिस्टनचे काम रिंगांना नीट आधार देणे आणि सरळ धावणे. रिंगेच्या दोन टोकांतही थोडी फट सोडतातच. ती टोके तापून एकमेकांना भिडली तर रिंग मोडते.

पिस्टन गोल नसतो

आतापर्यंत आपण पिस्टन म्हणजे सरळ गोल नळकांडे असे समजून चाललो. खरा पिस्टन तसा नसतो. माथ्याकडचा भाग २८० अंशांपर्यंत तापतो असे धरले, तर त्याची वाढ ७० × ०.००००२० × २५० = ०.३५ मिलिमीटर होते. स्कर्टच्या दुपटीहून जास्त. म्हणून पिस्टन वरच्या बाजूला मुद्दाम लहान, निमुळता करतात. तसेच कनेक्टिंग रॉड जोडणारी गजन पिन ज्या दोन जाड गड्ड्यांत बसते तिथे धातू अधिक असल्याने पिस्टन त्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून तो त्या दिशेने आधीच चपटा, लंबवर्तुळाकार ठेवतात. थंड पिस्टन वाकडा असतो तो तापल्यावर सरळ व्हावा म्हणून!

यावरून मिस्त्रीला एक गोष्ट पाळावी लागते. पिस्टनचे माप कुठेही घेऊन चालत नाही. ते गजन पिनेच्या काटकोनात, स्कर्टवर, कारखान्याने सांगितलेल्या उंचीवरच मायक्रोमीटरने घ्यायचे. सिलिंडरचे माप डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. शिवाय दोन्ही वस्तू एकाच तापमानाला असायला हव्यात. नुकतेच होनिंग करून काढलेला सिलिंडर २० अंशांनी जरी गरम असला तरी ०.०१५ मिलिमीटर मोठा मापतो. आपल्या सगळ्या फटीचा सातवा भाग तिथेच फसला. तो रात्रभर थंड होऊ देणारा मिस्त्री आळशी नसतो.

चांगले शर्यतवाले याहून एक पाऊल पुढे जातात. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकतो. म्हणून हेडच्या जागी जाड पोलादी पाटा त्याच ताकदीने आवळून, सिलिंडर वाकलेला असतानाच होनिंग करतात. पुढे खरे हेड बसवले की भोक गोल राहते.

फट बरोबर निवडली तरी एक धोका उरतोच. थंडीच्या दिवसात पहाटे इंजिन सुरू करून लगेच पूर्ण मूठ पिळली तर पिस्टन झटकन तापतो. जड सिलिंडर मागे राहतो. समजा स्कर्ट १२० अंशांवर गेला आणि सिलिंडर अजून ५० वरच आहे. पिस्टनची वाढ ०.१२६, सिलिंडरची ०.०१५, फरक ०.१११. साध्या इंजिनाची ०.१० फट संपली! एकदा तेलाचा थर तुटला की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते, उष्णतेने पिस्टन आणखी फुगतो, आणि फुगल्याने घर्षण आणखी वाढते. हे चक्र सुरू झाले की थांबायला वेळ देत नाही. अशा घाईने जाम झालेल्या पिस्टनवर बहुधा चार ठिकाणी, गजन पिनेच्या दोन्ही अंगांना, उभे ओरखडे दिसतात. अनुभवी मिस्त्री ते पाहून मालकाला विचारतो, "सकाळी गाडी तापवली होती का?"

फट लहान ठेवण्याच्या युक्त्या

मूळ अडचण दोन धातूंच्या प्रसरणातील फरकाची, तेव्हा तो फरकच कमी करावा असा प्रयत्न पुष्कळांनी केला. १८९६ साली शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञाला निकेल आणि लोखंडाचा एक मिश्रधातू सापडला, जो तापवला तरी जवळजवळ वाढत नाही. त्याचे नाव इन्व्हार. याच कामासाठी गियोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२० च्या दशकात ॲल्युमिनियम पिस्टनच्या पोटात इन्व्हारच्या पट्ट्या ओतून स्कर्टला आवर घालण्याची पद्धत निघाली. दुसरी युक्ती सिलिंडरच ॲल्युमिनियमचा करण्याची. मऊ भिंत झिजू नये म्हणून तिच्यावर निकेलचा आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला कठीण थर चढवतात. मग दोघेही जवळजवळ सारखेच फुगतात, आणि उरतो तो फक्त तापमानातला फरक.

असे सिलिंडर कोल्हापुरात पाहायला मिळाले आहेत. इथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. त्यात धावणाऱ्या रोटॅक्स मॅक्स कार्टचे १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन या जातीचे, ५४ मिलिमीटर व्यासाचे. त्यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या फरकाने वेगवेगळ्या मापांचे पिस्टन मिळतात. सिलिंडर मापायचा आणि त्याला जोडीचा पिस्टन निवडायचा.

फॉर्म्युला वनवाल्यांनी तर प्रश्न उलटाच केला. त्यांची इंजिने इतक्या बारीक फटींवर बांधलेली असतात की ती थंड असताना सुरू करत नाहीत. आधी बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवून इंजिन तापवतात, मगच ते चालू करतात. थंड इंजिनातल्या फटीची काळजीच नको, कारण इंजिन थंड कधी चालणारच नाही!

करून पाहा

जवळच्या गॅरेजमध्ये टाकून दिलेला पिस्टन सहज मिळेल. रॉकेलने पुसून घ्या आणि प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरने, ज्याचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर असते, तीन मापे घ्या: रिंगांच्या वर माथ्याजवळ, स्कर्टवर गजन पिनेच्या काटकोनात, आणि स्कर्टवर पिनेच्या दिशेने. माथ्याचे माप बहुधा तीन-चार भागांनी कमी येईल. पिनेच्या दिशेचे माप दोनेक भागांनी कमी यावे. पिस्टन फार झिजलेला असेल तर हा फरक लहान होतो, कारण झीज काटकोनातल्या बाजूंवरच होते.

शाळेत ०.०२ मिलिमीटर मोजणारा व्हर्नियर असेल तर पुढचा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करा. पिस्टन पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, चिमट्याने बाहेर काढा, फडक्यात धरून स्कर्टचे माप लगेच घ्या. उशीर केलात तर पिस्टन निवेल आणि कॅलिपरचे जबडे तापतील, मग दोन्हीकडून चूक होईल. तापमान सुमारे ७० अंशांनी वाढले असेल तर ७० मिलिमीटरच्या पिस्टनला पाच भागांची वाढ दिसायला हवी, म्हणजे ०.१० मिलिमीटर. मघाशी साध्या इंजिनासाठी ठेवलेली सगळी फट एवढीच होती.